सरळ नको, तिरकी दांडी

दोन झडपांच्या फाटकाची एक झडप ढकलली की दुसरीही सोबत फिरावी, यासाठी दोन्ही झडपांच्या खुंट्यांना (ज्यांवर त्या फिरतात) एकाच बाजूला हात, म्हणजे छोटी पट्टी, वेल्ड करून मध्ये सरळ दांडी टाका, असं काही जण सुचवतात. तसं केलंत तर एक झडप आत जाईल आणि दुसरी रस्त्यावर! झडपा उलट दिशांना फिरतात, म्हणून दांडी एका खुंटीच्या आतल्या बाजूकडून दुसरीच्या बाहेरच्या बाजूला तिरकी जायला हवी. फाटक अर्धं उघडलेलं असताना दोन्ही हात खुंट्यांना जोडणाऱ्या रेषेशी काटकोनात ठेवा. मग बंद आणि पूर्ण उघड्या स्थितीत झडपा तंतोतंत जुळतात. अधेमधे थोड्या पुढेमागे होतात. 10 फुटी फाटक आणि 6 इंची हात असेल तर जेमतेम 3 अंश. गिअरची गरज नाही.

आमच्याकडे फसलं ते वेगळंच. आधी 12 मिमीची सळई टाकली होती. उघडताना तिच्यावर ओढ यायची, तेव्हा ठीक; बंद करताना दाब आला की धनुष्यासारखी वाकायची आणि दुसरी झडप वीतभर उघडीच. आता इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप आणि एका टोकाला टर्नबकल, म्हणजे लांबी कमीजास्त करायचा स्क्रू, आहे. दांडी जमिनीतल्या चरातून जाते; त्यातला गाळ मात्र पावसाळ्यात दर पंधरवड्याला उपसावा लागतो, वर चेकर्ड प्लेट (उठावदार नक्षीचा लोखंडी पत्रा) असूनही.