अवकाळी आणि थंडी एकत्र, ग्रुप राईड काढायची की रद्द करायची?

विदगाव_पूल (जळगाव)

राम राम मंडळी. आमचा सायकलचा ग्रुप दर रविवारी निघतो, वीसेक जण असतात, त्यातले निम्मे या सीझनलाच आलेले. या रविवारी विदगाव, धानोरा, अडावद करत उनपदेवचा गरम पाण्याचा झरा ठरलाय. आणि आता हवामान खात्याने शुक्रवार-शनिवारचा यलो अलर्ट टाकलाय, मेघगर्जनेसह पाऊस. ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते पावसाळ्यात चालवतोच ना मग आता काय झालं, दुसरी म्हणते डिसेंबरचं भिजणं वेगळं असतं, नवीन लोकांपैकी कोणी आजारी पडलं तर परत येणार नाही. मला दोन्हीकडून फोन येताहेत, डोकं उठलंय. ज्यांनी थंडीत ओल्या रस्त्यावर ग्रुप नेलाय त्यांनी सांगा, कपडे काय, किती जण, किती वाजता निघायचं. आणि पहाटे साडेपाचचीच वेळ ठेवायची का, कारण नंतर ट्रॅक्टर आणि केळीच्या गाड्या सुरू होतात.

लळिंगचा_चढ (धुळे)

इतली थंडीमा कथा निंघनात रे भो 😄

जोक सोड, मुद्द्याचं सांगतो. तुम्ही सगळे पावसाच्या दिवसाला घाबरताय पण आपल्याकडे बेकार असतो तो दुसरा दिवस. ढग असले की रात्रीचा पारा फार उतरत नाही, १५-१६ च्या आसपास राहतो, भिजलात तरी निभावतं. पाऊस उघडला, आभाळ मोकळं झालं, उत्तरेकडून वारं लागलं की त्याच रात्री पारा धाडकन खाली येतो, आणि रस्ता ओला, शेतं ओली, म्हणजे पहाटे धुकं पक्कं. तापीच्या पुलावर तर विचारूच नको. तुमचा रविवार बरोबर त्याच दिवशी येतोय, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी पाऊस थांबला म्हणून लगेच "राईड ऑन" असा मेसेज टाकू नको, आधी रात्री आभाळ बघ.

दुसरं, साडेपाच वाजता निघणं विसरा. सगळ्यात कमी तापमान असतं सूर्य उगवायच्या आसपास, म्हणजे तुम्ही दीड तास वाढत्या थंडीत आणि अंधारात पॅडल मारणार, कशासाठी? साडेसातला निघा. ट्रॅक्टरचं म्हणशील तर उजेडात ट्रॅक्टर दिसतो तरी, अंधारात कापसाच्या ट्रॉलीला मागे लाइटही नसतो आणि रिफ्लेक्टरही नसतो.

आणि थर्मामीटरवर १० डिग्री असले तरी २५ च्या स्पीडने अंगाला ७ सारखे लागतात, तेही कोरड्या अंगाला. ओल्या कपड्यांचा हिशोब वेगळाच.

सातपायरी (शहादा)

धुळेकर भाऊ बरोबर बोलले. मी तोरणमाळच्या बाजूला चालवतो म्हणून ब्रेकचं सांगतो. वर साडेअकराशे मीटरच्या जवळपास उंची आहे, खाली शहाद्यापेक्षा सहा-एक डिग्री सहज कमी असतं, आणि चढताना घाम निघतो तो उतरताना गोठल्यासारखा होतो. ज्यांच्या सायकलला रिम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाच्या कडेलाच दाबणारे, त्यांना सांगून ठेवा की ओल्या रिमवर ब्रेक दाबला की चाकाचे पहिले एक-दोन फेरे पाणी पुसण्यातच जातात, खरी पकड नंतर येते. म्हणून वळण यायच्या आधीच हलका ब्रेक लावून रिम कोरडी करून घ्यायची. डिस्क ब्रेकवाल्यांनी (चाकाच्या मध्यभागी वेगळी चकती असते ते) रिमवाल्यांच्या पुढे खेटून चालवू नये, कारण डिस्कवाला जागेवर थांबतो आणि मागचा रिमवाला त्याच्यावर जातो.

टायरची हवा थोडी कमी करा, २८ मिमीच्या टायरला रोज ८५ पीएसआय भरत असाल तर ७५ ठेवा. पांढरे पट्टे, लोखंडी जाळ्या, पुलाच्या जोडपट्ट्या, रेल्वे फाटक, इथे हँडल सरळ आणि ब्रेक नको. आणि आपल्या भागातला खरा शत्रू म्हणजे शेतातून ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटून डांबरावर येणारी काळी माती. वरून वाळलेली दिसते, खाली लोणी असतं. पुढच्याने हात करून ओरडायचंच, लाजायचं नाही.

भुसावळ_जंक्शन

एवढं टेन्शन कशाला घेता राव, निघायचं, अडावदला दोन घोट रम मारायची, आपोआप गरम होतं 😂 आमचा ग्रुप असाच चालतो

केळीबाग (रावेर)

भुसावळवाले दादा, रम मारल्यावर कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात म्हणून गरम वाटतं, आतली ऊब उलट बाहेर जाते. शिवाय हायवेवर सायकल चालवायचीये. असो.

मी कपड्यांचं लिहिते कारण ते कोणी धड सांगत नाही. कापसाच्या जिल्ह्यात बसून सांगतेय, अंगाला कापूस नको. सुती टी-शर्ट एकदा भिजला की घरी येईपर्यंत ओलाच राहतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो. आत पॉलिस्टरचा किंवा बारीक लोकरीचा फुल बाह्यांचा, वर वारा अडवणारं पातळ जॅकेट. बाइकवरचा जाड रेनकोट घालू नका, आतून घामानेच भिजता. उताराला किंवा थांबल्यावर छातीवर जॅकेटच्या आत वर्तमानपत्राचा कागद घालायचा, जुने रेसवाले घाटात हेच करायचे, फुकटात होतं. हातासाठी लोकरीच्या मोज्यांवर भांडी घासायचे रबरी ग्लोव्हज, दिसायला गावंढळ पण बोटं चालतात. पायाला मोज्यावर प्लास्टिकची पिशवी, मग बूट. हेल्मेटखाली बारीक कानटोपी, जाड घातली तर हेल्मेट वर राहतं.

आणि प्रत्येकाने एक कोरडा बनियन आणि मोजे पिशवीत गुंडाळून आणायचे, हे कम्पल्सरी करा.

एक गोष्ट सगळ्यांनी ओळखायला शिकली पाहिजे. कोणी कुडकुडतंय तोपर्यंत ठीक. बोलताना जीभ जड झाली, गिअर बदलता येत नाही, उगाच चिडचिड करतोय किंवा एकदम गप्प झाला, आणि कुडकुडणं थांबलं, तर त्याची राईड तिथेच संपली. ओले कपडे काढायचे, कोरडे घालायचे, आडोशाला बसवायचं, शुद्धीवर नीट असेल तर गरम गोड चहा द्यायचा, आणि गाडी बोलवायची. हातपाय चोळत बसायचं नाही. चोपडा काय जळगाव काय, सरळ दवाखाना.

लळिंगचा_चढ (धुळे)

ताईंचं शंभर टक्के. त्यात माझं एक जोडतो, ओल्या थंडीत चालणारा माणूस गारठत नाही, थांबलेला गारठतो. वीस जणांच्या ग्रुपमध्ये एकाचं पंक्चर म्हणजे एकोणीस जण घामाने भिजलेले वाऱ्यात उभे. आणि ओल्या रस्त्यात पंक्चर जास्तच होतात, पाण्यामुळे काच आणि बाभळीचा काटा रबरात आरामात शिरतो. म्हणून सहा-सात जणांचे तुकडे करा, पंक्चर झालं की दोघं थांबतील, बाकीचे हळूहळू पुढच्या फाट्यावरच्या टपरीपर्यंत जातील.

केळीबाग (रावेर)

हे मला पटत नाही. धानोऱ्याच्या पुढे धुक्यात कोणी नवीन मुलगी असेल आणि तिच्यासोबत एकच माणूस ठेवून बाकीचे पुढे गेले तर पुढच्या रविवारी ती येणार नाही, आणि घरचे पाठवणारही नाहीत. थांबायचं तर सगळ्या तुकडीने थांबायचं, फक्त रस्त्यापासून लांब, आडोशाला, आणि ट्यूब बदलायची, पॅच लावत बसायचं नाही. सात जणांची तुकडी असेल तर दहा मिनिटांत काम होतं.

लळिंगचा_चढ (धुळे)

हां, तुकडी लहान असेल तर सगळे थांबा. मी वीसच्या हिशोबाने बोललो.

सातपायरी (शहादा)

मडगार्डचं राहिलंच. मागच्या चाकाला लांब मडगार्ड नसेल तर तो माणूस शेवटी राहील, नाहीतर मागच्याच्या तोंडात काळ्या मातीचं पाणी. जुन्या बिसलेरीची बाटली कापून झिप टायने बांधली तरी चालतं. दोन सायकलींमध्ये एका सायकलीचं अंतर, चाकाला चाक आडवं लागू द्यायचं नाही. मागचा लाल लाइट लुकलुकता ठेवू नका, मागच्याला चक्कर येते, स्थिर ठेवा. फक्त शेवटच्याचा लुकलुकता. आणि आल्यावर चेन पुसून तेल घाला, नाहीतर सोमवारी तांबडी.

विदगाव_पूल (जळगाव)

सगळ्यांचे आभार, भांडण मिटलं. ठरवलंय असं, सकाळी साडेसात, सात-सातच्या तीन तुकड्या, प्रत्येक तुकडीच्या शेपटीला एक जुना. उजाडताच मी पुलावर जाऊन बघेन, पलीकडचं टोक दिसलं नाही तर उनपदेव रद्द आणि मेहरूण तलावाला दोन फेऱ्या मारून घरी. फोनमध्ये दामिनी ॲप टाकायला सांगितलंय, विजेचा इशारा आला तर कोणाच्या तरी घरात थांबायचं, झाडाखाली नाही. उनपदेवला पोचलो तर गोमुखाच्या गरम पाण्यात हात धरून बसूच. तिसऱ्या तुकडीला शेपटीचा माणूस मिळत नाहीये, कोणी येतं का?

भुसावळ_जंक्शन

मी येतो. रम घरी ठेवून 🙏 शनिवारी रात्री मुक्कामालाच येतो जळगावला. पंप मात्र तुमचा आणा, माझा बारीक वॉल्व्हला बसत नाही.