अनुभव धागा : ॲडास – आपल्या रस्त्यांवर काय चालू ठेवायचं, काय बंद?

लेव्हल 2 ॲडास (कॅमेरा-रडारच्या मदतीने स्टीअरिंग, वेग आणि ब्रेक सांभाळायला मदत करणारी यंत्रणा; जबाबदारी मात्र चालकाचीच) आता मधल्या बजेटच्या गाड्यांतही मिळतं. टेस्ट ड्राइव्हला सगळं झकास वाटतं, कारण ती रिकाम्या रस्त्यावर होते. वापरणाऱ्यांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी इथे नेमकं लिहावं. 'आमची गाडी किती भारी' हे दुसऱ्या धाग्यावर.

द्रुतगती
ॲडाप्टिव्ह क्रूझपासून, म्हणजे पुढच्या गाडीशी अंतर राखत ठरलेल्या वेगाने चालवणाऱ्या सोयीपासून, सुरुवात करतो. समृद्धीवर मर्यादा 120 ची, म्हणजे सेकंदाला 33 मीटर. अंतराचं बटण मीटर नाही, वेळ ठरवतं. मध्ये कोणी घुसू नये म्हणून लोक सर्वांत कमी अंतर ठेवतात; मग कोणी घुसलाच तर गाडी करकचून ब्रेक मारते आणि मागचा आपल्यावर येतो. मधलं ठेवा, पावसात सर्वांत जास्त.

खरी गोम थांबलेल्या वाहनाची. पूल, कमानी, कठडे, फलक यांचे प्रतिध्वनी रडारला सतत येतात, त्यामुळे स्थिर वस्तूंकडे सिस्टिम बरंचसं दुर्लक्ष करते. लेनमध्ये बंद पडलेला ट्रक शंभरच्या वेगाला उशिरा दिसेल किंवा दिसणारही नाही; मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे पुढची कार त्या ट्रकला चुकवून बाजूला गेली, की आपल्या गाडीला रस्ता मोकळा वाटतो आणि ती वेग *वाढवते*. पुढचा लेन बदलतोय असं दिसताच पाय ब्रेकवर.

शिवाय एक्झिट घेण्याआधी क्रूझ मुख्य बटणानेच बंद करा. नुसता ब्रेक दाबून सोडलं तर जुना वेग लक्षात राहतो. सर्व्हिस रोडवर चुकून 'रिझ्यूम' दाबलं गेलं की गाडी 110 गाठायला धावते.

ऊसपट्टा
वरच्यात भर. गळीत हंगामात सांगली-कोल्हापूरकडे रात्री यावर विसंबू नका. कॅमेरा वाहनाचा मागचा आकार ओळखायला शिकलेला असतो. टेललाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, मागे ऊस लोंबतोय, अशी ट्रॉली त्याला 'वाहन' वाटेलच असं नाही.

घाटवळण
लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये राहावी म्हणून स्टीअरिंग वळवणारं) बहुतेक गाड्यांत साधारण 60 च्या पुढे जागं होतं आणि त्याला स्वच्छ पट्टे लागतात. इंडिकेटर न देता खड्डा चुकवला की स्टीअरिंग उलटं ओढतं. राज्यमार्गावर नुसती वॉर्निंग ठेवा, असिस्ट बंद. काही गाड्यांत इंजिन पुन्हा सुरू केलं की ते आपोआप चालू होतं, डॅशवर बघून घ्या. डायव्हर्जनजवळ न खरवडलेले जुने पट्टे आणि ओल्या रस्त्यावर चमकणारे डांबराचे जोड, दोन्हींनी ते फसतं.

घाटात क्रूझ नकोच. वळणावर पुढचं वाहन नजरेतून सुटतं आणि गाडी वेग घेते. उतारावर तर ती ब्रेकवरच वेग राखू शकते, मग ब्रेक तापतात. खालचा गिअर आपणच टाकायचा.

आणि हात स्टीअरिंगवर असूनही 'हात ठेवा' येतं त्याचं कारण: बऱ्याच गाड्या स्पर्श नाही, पीळ मोजतात. हलकासा जोर द्या, जातं.

काचवाला
पुढची काच बदलली की तिच्यामागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (नेम पुन्हा जुळवणं) झालंच पाहिजे. कॅमेरा एक अंश जरी वळला तरी 50 मीटरवर चूक सुमारे 87 सेंटिमीटर होते, म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनचा पाव भाग. सपाट फरशी, टायरमध्ये योग्य हवा आणि समोर ठरलेल्या अंतरावर टार्गेट बोर्ड. काही मॉडेलना स्कॅनर जोडून पट्टे असलेल्या रस्त्यावर चालवावं लागतं. विम्याच्या एस्टिमेटमध्ये कॅलिब्रेशन वेगळी ओळ म्हणून लिहून घ्या, नाहीतर नंतर वाद. सस्पेन्शनचं काम झाल्यावरही विचारा. डॅशकॅम कॅमेऱ्याच्या नजरेआड चिकटवा.

मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत ब्लाइंड स्पॉटचे रडार असतात. तिथे पुट्टी आणि रंगाचे जाड थर चढवले की ते आंधळे होतात. डेंटर हे सांगत नाही, बऱ्याचदा त्यालाच माहीत नसतं.

झेंडू
दसऱ्याला 'फ्रंट रडार ब्लॉक्ड' आलं की सर्व्हिस सेंटरला फोन करण्याआधी हार काढा. लिंबू-मिरची, क्रॅश गार्ड, कोकणातली तांबडी माती, सगळ्यांचा परिणाम तोच. ओल्या फडक्याने पुसा, प्रेशर वॉशरची धार अगदी जवळून मारू नका.

ब्रेकपाय
ऑटो ब्रेकिंग मात्र बंद करू नका. शहरात फार किंचाळत असेल तर संवेदनशीलता 'लेट' करा, 'ऑफ' नको. चिखलातून निघायला ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बंद केली असेल तर आठवणीने चालू करा. अनेक गाड्यांत तिच्याबरोबर ऑटो ब्रेकिंगही जातं. टोइंग आणि ऑटोमॅटिक वॉशला तेवढं बंद करायचं.

द्रुतगती
@काचवाला, सेकंडहँड घेताना काय बघावं?

काचवाला
इग्निशनला सगळे दिवे लागून विझतात का. मग पट्टे असलेल्या सरळ रस्त्यावर 65-70 ला न्या, क्लस्टरवर (स्पीडोमीटरच्या पडद्यावर) लेनच्या दोन्ही रेषा उजळल्या पाहिजेत. एकच उजळत असेल तर काच बदललीय का ते विचारा आणि कॅलिब्रेशनचं बिल मागा.