एस.वाय.बी.एस्सी.ला मेजर बॉटनी घेऊ की केमिस्ट्री? (नाशिक)

निफाडची_लेक
नमस्कार. गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात माझं एफ.वाय. झालं. बॉटनी, केमिस्ट्री, झूलॉजी असे तीन विषय होते, आता त्यातला एक मेजर आणि एक मायनर ठरवायचाय. झूलॉजी सोडणार हे नक्की. अडलंय ते उरलेल्या दोघांत.

घरची द्राक्षबाग आहे. गोडी छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी या वेलीच्या रोगाच्या धास्तीनं वडलांना झोप नसते, पहाटे बॅटरी घेऊन पानं उलटी करून बघतात. त्या पानामागचा पांढरा थर मी मायक्रोस्कोपखाली पाहिला आणि तेव्हापासून मला हेच शिकायचंय. पण वडील म्हणतात, "बॉटनीवाल्याला कोण विचारतं? केमिस्ट्री घे, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कुठंही चिकटशील." मार्क दोन्हीकडे सारखेच. मेजर केमिस्ट्री आणि मायनर बॉटनी घेतलं तर पुढे एम.एस्सी. बॉटनी करता येईल का? कॉलेजात जो तो वेगळंच सांगतो.

रेसिड्यू_ताई
मी नाशिकमध्येच द्राक्षांचे रेसिड्यू, म्हणजे फवारलेल्या औषधांचे उरलेले अंश, तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे, एम.एस्सी. ॲनालिटिकल केमिस्ट्री. आधी सरळ उत्तर: हो, करता येईल. यूजीसीच्या २०२४च्या पीजी आराखड्यानुसार मेजर किंवा मायनर, दोन्हींपैकी कुठल्याही विषयात एम.एस्सी.ला तू पात्र आहेस. फक्त पात्रता आणि तयारी यांत फरक असतो. यूजीसीच्या पदवी आराखड्यात तीन वर्षांच्या १२० क्रेडिटपैकी मेजरला किमान ६० आणि मायनरला २४ आहेत. आपल्या विद्यापीठाचे आकडे थोडे वेगळे, पण पारडं तसंच झुकतं. म्हणजे पुढची दोन वर्षं तुझ्या हातांना मेजरच्या प्रॅक्टिकलचंच वळण लागणार.

आता "चिकटणं" म्हणजे काय ते सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. सीझनला निर्यातीच्या द्राक्षांचे नमुने येतात. ती दळायची, लगद्यातले १० ग्रॅम ट्यूबमध्ये घ्यायचे, त्यात इथाइल ॲसिटेट आणि सोडियम सल्फेट घालून हलवायचं, सेंट्रीफ्यूज करायचं, वरच्या थरातून तयार केलेला नमुना एलसी-एमएस या अंश मोजणाऱ्या मशीनला लावायचा. दिवसभर हेच, आणि प्रत्येक औषधाचा आकडा एमआरएलच्या, म्हणजे अंशाच्या ठरलेल्या कमाल मर्यादेच्या, आत की बाहेर ते बघायचं. मला हे काम मनापासून आवडतं. २०१० साली सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशापायी युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हा बागायतदारांवर काय बेतलं ते घरी विचार. पण तुझ्या लिहिण्यात औषधाचा अंश कुठंच नाही, सगळीकडे रोग आहे. माझं मशीन कुठलं औषध किती उरलंय ते सांगतं, रोग का आला ते नाही. मी म्हणेन, मेजर बॉटनी, मायनर केमिस्ट्री.

अंबड_क्यूसी
ताई, तुमचा मुद्दा पटतो, पण तिच्या वडलांचंही ऐका. औषध कंपन्यांत क्यूसीच्या, म्हणजे मालाचा दर्जा तपासायच्या कामाच्या, जाहिराती निघतात त्यात बी.एस्सी. केमिस्ट्री लिहिलेलं असतं, मायनर कुणी वाचत नाही. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेत एम.एस्सी. केमिस्ट्री चालतं, मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्रीची पदवी चालते, बॉटनीचं नाव नाही. एम.एस्सी. प्रवेशाच्या जॅम परीक्षेतही केमिस्ट्रीचा पेपर आहे, बॉटनीचा नाही. घरी पैशांची निकड असेल तर केमिस्ट्रीच घे.

बॉटनी_मास्तर
निवृत्त प्राध्यापक आहे. मुली, एक गोष्ट आधीच माहीत असू दे: कृषी विद्यापीठात प्लांट पॅथॉलॉजीच्या एम.एस्सी.ला कृषी पदवी लागते. बी.एस्सी. करून पीकरोगांकडे जायची तुझी वाट म्हणजे एम.एस्सी. बॉटनी, त्यात मायकॉलॉजी (बुरशींचा अभ्यास) आणि प्लांट पॅथॉलॉजीचं स्पेशलायझेशन, आणि मग संशोधन-प्राध्यापकीसाठीची सीएसआयआर-नेट लाइफ सायन्सेस परीक्षा. या वाटेला पाया बॉटनीचाच हवा.

तू पाहिलास तो पांढरा थर खऱ्या बुरशीचा नाही, ऊमायसीट या बुरशीसारख्या दिसणाऱ्या वेगळ्याच जिवाचा आहे. द्राक्षावरचा दुसरा रोग भुरी, ती खरी बुरशी. म्हणून तर भुरीवर चालणारी ट्रायझोल गटातली औषधं डाऊनीवर चालत नाहीत. हा भेद बॉटनीच्या वर्गात कळतो आणि त्यानं बागेतला फवारणीचा खर्च वाचतो. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं औषध, डाऊनीवर चालतं हे १८८५ साली जगापुढे मांडलं ते मिलार्दे, फ्रान्समधल्या बोर्डोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. तांब्या-चुन्याचं गणित बसवायला त्यांच्यासोबत गेयाँ हे रसायनतज्ज्ञ होते. तेव्हा केमिस्ट्री मायनर म्हणून जरूर घे, वाया जाणार नाही.

निफाडची_लेक
सर, ताई, दादा, खूप आभार. मास्तरांचं उत्तर वडलांना वाचून दाखवलं. ट्रायझोलचं ऐकून त्यांनी औषधांच्या बिलांची फाईल काढली. आता त्यांचा एकच प्रश्न आहे: तीन वर्षांनी नोकरी करावीच लागली तर बॉटनीवर लॅबमध्ये घेतील का?

रेसिड्यू_ताई
मशीनवर लगेच नाही. नमुने घेण्याच्या, नोंदींच्या कामाला घेतात, पगार कमी असतो, हे त्यांना स्पष्ट सांग. चौथ्या वर्षी रिसर्चसह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात, तेही आत्ताच डोक्यात ठेव. आणि फॉर्म भरण्याआधी केमिस्ट्री विभागात जाऊन मायनरचे पेपर कुठले ते बघ. ॲनालिटिकल आणि ऑरगॅनिकची प्रॅक्टिकल असतील तर डोळे मिटून घे. नुसती थिअरी असेल तर इथं परत लिही, बघू काय करता येतं.