मदत हवी आहे: फँटसी हॉकीत ल्यूक शेनला शेवटच्या फेरीत घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

इथे क्रिकेटवाले शंभर आणि आइस हॉकीवाले चार, याची कल्पना आहे. हा धागा त्या चौघांसाठी. शनिवारी आमच्या ऑफिसच्या फँटसी लीगचा २०२५-२६च्या सीझनसाठी ड्राफ्ट आहे, म्हणजे खऱ्या खेळाडूंमधून पाळीपाळीने आपापला संघ निवडायचा. मिसिसागात (टोरांटोजवळ) आम्ही बारा जण खेळतो, पैसे लावत नाही, पण शेवटच्या नंबरवाल्याने सगळ्यांना जेवू घालायचं. माझा प्रश्न एवढाच, की विनिपेग जेट्सचा डिफेन्समन (बचावपटू) ल्यूक शेन याच्यावर शेवटचा पिक, म्हणजे निवडीची पाळी, खर्च करावा का?

फॉरमॅट माहीत नसलेल्यांसाठी: हे ड्रीम११सारखं एका सामन्यापुरतं नसतं. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत एकच संघ सांभाळायचा, दर आठवड्याला एकाशी लढत. गोल, असिस्ट, प्लस-मायनस (साधारणपणे, खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेले वजा खाल्लेले गोल), पॉवर प्लेचे (समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असतानाचे) पॉइंट, शॉट, हिट, ब्लॉक (अडवलेले शॉट) असे रकाने (गोलीचे, म्हणजे गोलरक्षकाचे, वेगळे), ज्याने जास्त रकाने मारले तो जिंकला. हिट म्हणजे ज्याच्याकडे पक आहे त्याला अंगाने दिलेली धडक. आता गंमत बघा, गोलचाही रकाना एकच आणि धडकांचाही एकच.

गेल्या वर्षी सेमीफायनलला मी हिट्समध्ये ६४-६१ असा हरलो. रविवारी रात्री भांडी घासताना फोन सिंकशेजारी टेकवून ठेवला होता. माझा शेवटचा डिफेन्समन बर्फावर येत होता, जात होता, पण कुणाला खांदासुद्धा लावत नव्हता. बायको म्हणाली, "कुणी कुणाला ढकललं नाही म्हणून एवढं तोंड पाडून बसलेला माणूस पहिल्यांदाच बघतेय."

म्हणून शेन. २००८च्या खऱ्या, म्हणजे NHL लीगच्या, ड्राफ्टमध्ये टोरांटोने पाचव्या नंबरवर घेतला होता. मोठा स्टार व्हायचा तो झाला नाही. मग फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस, ॲरिझोना, अनाहाइम, व्हँकुव्हर, टॅम्पा (तिथे २०२० आणि २०२१चे दोन स्टॅनली कप, म्हणजे लीगची अजिंक्यपदं), परत व्हँकुव्हर, परत टोरांटो, नॅशव्हिल. मार्च २०२५मध्ये तर पिट्सबर्गने घेतला आणि दोन दिवसांत, एकही सामना न खेळवता, विनिपेगला देऊन टाकला. बदलीच्या नोकरीतला माणूसही एवढी घरं बदलत नाही. पण जिथे गेला तिथे धडका चालूच. २०२२-२३मध्ये ७० सामन्यांत ३१८ हिट्स, म्हणजे सामन्याला साडेचार. पॉइंट (गोल अधिक असिस्ट) मात्र अख्ख्या सीझनमध्ये २२.

आता शंका. नोव्हेंबरमध्ये छत्तीस पूर्ण होतील. पॉवर प्लेच्या जवळपासही तो फिरकत नाही, त्यामुळे तो रकाना शून्य धरूनच चालायचं. जेट्सच्या बचावात उजव्या बाजूला डिमेलो आणि पिऑन्क या दोघांच्या जागा पक्क्या. उरलेल्या एका जागेसाठी शेन आणि कॉलिन मिलर. सॅम्बर्ग मनगट मोडून बाहेर आहे खरा, पण तो डावीकडचा, त्यामुळे शेनचा थेट फायदा होईलसं वाटत नाही. शिवाय फेब्रुवारीत ऑलिंपिकची सुट्टी असल्याने यंदा सामने दाटीवाटीने आहेत. लागोपाठ दोन दिवस सामने आले की कोच आर्नियल म्हाताऱ्याला एका रात्री बसवेल, आणि बसवलेल्या माणसाच्या हिट्स शून्य!

अजून एक, हिट मोजणारा माणूस त्या त्या रिंकचा असतो. कुणाचा हात सढळ, कुणाचा आखडता. विनिपेगचा कसा आहे, हे तिथले सामने नेमाने बघणाऱ्या कुणी सांगितलं तर उपकार होतील.

म्हणजे ड्राफ्टमध्येच घ्यावा, की जेट्सचे चार सामने असतील त्या आठवड्यापुरता वेव्हरवरून (कुणीच न घेतलेल्या खेळाडूंच्या यादीतून) उचलावा आणि सोमवारी सोडून द्यावा? आमच्याकडे आठवड्याला दोनच बदल करता येतात, आणि ते मी सहसा गोलीसाठी राखून ठेवतो.

अपडेट: "त्यापेक्षा पॉइंट करणारा डिफेन्समन घे" असं दोघांनी सुचवलंय. आभारी आहे, पण हिशेब बघा. बारा जणांचे चार-चार म्हणजे ४८ डिफेन्समन आधीच गेलेले. त्यानंतर उरतो तो सीझनला पंचवीस-तीस पॉइंटवाला, म्हणजे आठवड्याला जेमतेम एक. त्या एकाने माझा कुठला रकाना फिरणार? शेन तीन सामने खेळला तर दहा-बारा हिट्स कुठे जात नाहीत.

खरी धाकधूक वेगळीच आहे. स्नेक ड्राफ्टमध्ये (दर फेरीला क्रम उलटा होतो) माझा नंबर नववा. पंधराव्या फेरीत मी घेतल्यावर सोळाव्यात, म्हणजे शेवटच्या फेरीत, माझी पाळी येईपर्यंत मध्ये सहा पिक जातात, आणि त्यातले दोन एका कट्टर लीफ्सवाल्याचे (टोरांटो मेपल लीफ्सच्या चाहत्याचे). शेनचा जुना जर्सी अजून त्याच्या क्युबिकलमध्ये टांगलेला आहे. तेव्हा पंधराव्यातच उरकून टाकू का, तेवढं शनिवारी दुपारच्या आत सांगा.