विषय: स्विंडनला जाण्या-येण्यासाठी जुनी डिझेल गाडी घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

पुण्याहून इंग्लंडला, स्लाउला येऊन आम्हाला वर्ष होत आलं. पुढच्या महिन्यापासून माझी नवी नोकरी स्विंडनला आहे. आठवड्यातून ३ दिवस जायचं, एका वेळचे ५५ मैल, जवळपास सगळे एम-४ हायवेवरून. ट्रेन परवडत नाही. २०१५ ची, ६५ नंबरप्लेटची (म्हणजे त्या सप्टेंबरपासून पुढे नोंदलेली) एक डिझेल गाडी बघून ठेवली आहे, ९०,००० मैल झालेली. पुण्याला वडिलांची डिझेलच होती आणि ॲव्हरेज फार छान द्यायची, म्हणून मन तिकडे ओढतंय. उरलेले २ दिवस बायको तीच गाडी अक्सब्रिजला नेईल. कुणाला अनुभव असल्यास जरूर कळवा.

– स्लाउचा नवा सभासद

---

तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे, म्हणून अरे-तुरे करतो.

स्विंडनसाठी डिझेल उत्तम. आठवड्याला ३३० मैल होतात. डिझेलने गॅलनला ५५ मैल आणि पेट्रोलने ४० दिले असं धरलं, तर १० लिटर वाचतील. मात्र भारतातला हिशेब इथे लावू नकोस, इथे डिझेल पेट्रोलपेक्षा महाग असतं.

मला खुपले ते तू शेवटच्या ओळीत उरकलेले अक्सब्रिजचे २ दिवस. डिझेलची काजळी अडवायला डीपीएफ नावाची जाळी असते. हायवेवर इंजिन चांगलं तापतं तेव्हा साठलेली काजळी आपसूक जळून जाते. सहा-सात मैलांच्या फेरीत ती जळत नाही. मग गाडी जास्तीचं डिझेल सोडून ती जाळायला घेते, आणि आपण पोचलो म्हणून मध्येच इंजिन बंद करतो. न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं.

माझी डिझेल रोज हायवेने मिल्टन कीन्सला जायची, ८ वर्षांत एकदाही कुरकुर नाही. मी निवृत्त झालो आणि ती मंदिर, भाजी, नातवाची शाळा एवढीच फिरू लागली. त्याच हिवाळ्यात पिवळा दिवा लागला. सकाळी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलेलं. बोटांवर घेतलं तर पाण्यासारखं पातळ, आणि वास सरळ डिझेलचा. ऑइल कमी झालं तर इंजिन जातं हे ठाऊक होतं. असं वाढलं तरी जातं, हे त्या दिवशी गॅरेजमध्ये कळलं.

शिवाय अक्सब्रिज म्हणजे लंडनचं हिलिंग्डन, २९ ऑगस्ट २०२३ पासून युलेझच्या, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेणाऱ्या भागाच्या हद्दीत. डिझेल युरो-६ (धुराचा मापदंड) नसेल तर दिवसाला १२.५० पौंड. सप्टेंबर २०१५ पासून नव्या गाड्यांना युरो-६ सक्तीचं झालं खरं, पण आधी तयार झालेल्या काही युरो-५ गाड्या त्यानंतरही नोंदल्या गेल्या. ६५ ची प्लेट आहे म्हणून गृहीत धरू नकोस, टीएफएलच्या (लंडनच्या वाहतूक खात्याच्या) साइटवर नंबर टाकून बघ.

– हॅरोचे काका

---

काकांचं म्हणणं अगदी बरोबर. मी गेल्या वर्षी अशा पाच गाड्या पाहिल्या, त्यावरून थोडं सांगते.

एमओटीचा, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास सरकारी साइटवर फुकट दिसतो. पास-नापास बघून थांबू नकोस, दरवर्षीचे मैल वाच. भरपूर धावणारी गाडी मध्येच दोन-तीन हजारांवर आली असेल, तर ती तेव्हापासून गावातल्या गावात फिरते आहे.

मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, असं फोनवरच सांग, आणि पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेव. थंड इंजिन सुरू होताना जे ऐकू येतं ते गरम इंजिन लपवतं. मग सायलेन्सरच्या तोंडात पांढरा टिश्यू फिरव. डीपीएफ शाबूत असेल तर बहुधा करडा डाग येतो. काळाकुट्ट आला तर जाळी फुटलेली किंवा काढून टाकलेली असू शकते, आणि काढलेली असेल तर गाडी एमओटीत नापास.

शक्यतो डीलरकडून घे. गाडी सदोष निघाली तर ३० दिवसांत परत करता येते, खासगी व्यवहारात हा हक्क नाही. डिपॉझिट क्रेडिट कार्डने भर. आणि लॉगबुक (गाडीचं नोंदणीपत्र) हा मालकीचा पुरावा नव्हे, गाडीवर फायनान्स (कर्ज) बाकी नाही ना, हे थोडे पैसे खर्चून तपासच.

– रेडिंगची ताई

---

काका, ताई, मनापासून आभार.

काल जाऊन आलो. गाडी युरो-६ निघाली, युलेझची अडचण नव्हती. पण एमओटीत २०२० पर्यंत वर्षाला १६,००० च्या आसपास मैल आणि नंतर जेमतेम २,०००. सांगूनही बॉनेट गरम होतं. टिश्यू इतका काळा झाला की विकणाऱ्यानेच मान वळवली. डिपस्टिक काढायची गरजच उरली नाही.

घरी येऊन बायकोला काकांची मेल वाचून दाखवली. ती म्हणाली, अक्सब्रिजला मी बसने जाईन, तू स्विंडनपुरतीच गाडी बघ. त्यामुळे डिझेलच घेतोय, फक्त रोज हायवेवर धावलेली.

तशी एक मेडनहेडच्या डीलरकडे आहे, रविवारी बघायची ठरलंय. काका, याल का सोबत? तुम्हाला न्यायला-सोडायला मी भाड्याची गाडी घेऊन येईन. ऑइलचा वास तुम्ही घेतलात तर माझी खात्री पटेल.

– स्लाउ