रॅम्प झाला, पुढे काय?

अपंग सहकाऱ्यांसाठी कार्यालयात काय सोयी कराव्यात, या चर्चेत कुणीतरी विचारलंय, 'रॅम्प बांधला, लिफ्टला ब्रेल बटणं लावली, आता आणखी काय करायचं?' आमच्या विभागात एक पूर्ण अंध सहकारी आहे. एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीनरीडर) लावून माझ्यापेक्षा भराभर टाइप करतो. अडायचं कुठे, तर परिपत्रकं सही-शिक्का मारून, स्कॅन होऊन यायची. स्क्रीनरीडरच्या लेखी तो नुसता फोटो! नव्या साहेबांनी सोबत युनिकोडमधली (म्हणजे टाइप केलेल्या मजकुराची, स्क्रीनरीडरला वाचता येणारी) फाइलही पाठवायची सक्ती केली. खर्च शून्य. (आधीचे साहेब 'त्याला कशाला त्रास' म्हणून कामच देत नसत.)

आणि हो, सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, पदावनतीही नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम २० बघा.