पावसाळ्यात कयाक घरी ठेवायची कशी, तळ वाकणार नाही अशी?

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी, घर डिचोलीत, दोन कयाक आहेत, एक 12 फुटी प्लास्टिकची सिट-ऑन-टॉप (वर उघड्यावर बसायची) आणि एक फायबरची जुनी. आता पाऊस धरला की गणपतीपर्यंत मांडवीत उतरायचं नावच नको, तोपर्यंत कुठे ठेवू? मागच्या पडवीत पत्र्याखाली जागा आहे, तिथे वाशाला दोन दोर बांधून पुढच्या-मागच्या हँडलला लटकवायचा विचार आहे. चालेल ना?

चापोऱ्याचा_नाखवा:
नको रे बाबा! हँडल उचलायला असतं, चार महिने टांगायला नाही. सगळं वजन दोन टोकांना येतं, मधला भाग खाली झुकतो आणि प्लास्टिक तसंच बसतं. त्यात पत्र्याखाली. आपल्याकडे पाऊस उघडला की दुपारी पत्रा काय तापतो माहितीय ना, कयाकचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिथिलीन, त्या उष्णतेत मऊ पडतं, म्हणून तर वाकतं. टांगायचीच असेल तर बाजेची रुंद नवार घे, दोन झोळ्या कर, दोन्ही टोकांपासून साधारण 3-3 फुटांवर, आणि कयाक कुशीवर नाहीतर उलटी ठेव. कडा तळापेक्षा जास्त ताठ असते. बारीक नायलॉन दोर मात्र नको, रुततो.

बल्कहेडवाली:
वरचं बरोबर, पण फायबरचं गणित वेगळं आहे. ती उन्हाने वाकणार नाही, पण एकाच बिंदूवर भार आला की तडा जातो. आत बल्कहेड (आतल्या आडव्या भिंती) असतील तर आधार बरोबर त्यांच्याखाली द्या. आणि कृपा करून चिऱ्यावर टेकवू नका, कंगोरे जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) खरवडतात, मध्ये जाड फोम हवाच. एकावर एक रचू पण नका, खालच्या प्लास्टिकवाल्या बिचारीचा खड्डा होईल.

माडाखालचा:
तळाचं सगळे बोलले, ओलीचं कोणीच नाही. ठेवण्याआधी गोड्या पाण्याने धुवा, मीठ आणि खाडीचा चिखल राहिला की रडरचे (सुकाणूचे) स्क्रू गंजतात. पूर्ण सुकवा. ड्रेन प्लग (पाणी काढायचं बूच) काढून ठेवा, हॅच (सामानाच्या कप्प्याचं झाकण) सैल ठेवा, नाहीतर आत बुरशीचा वास बसतो तो जाता जात नाही. कॉकपिटला (बसायच्या पोकळीला) जाळी लावा, उंदीर बिऱ्हाड करतात आणि त्यांच्या मागोमाग कोण येतं ते आपल्याला सांगायला नको 😄 निळी ताडपत्री अंगालगत गुंडाळू नका, खाली हवा खेळली पाहिजे. पण ऊन थेट लागत असेल तर आडोसा हवाच, उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं. माडाखाली ठेवायची नाही हे सांगायला पाहिजे का?

डिचोलीकर:
धन्यवाद सगळ्यांना. नवार बाजारातून आणतो. प्लास्टिकवालीच्या तळाला आत्ताच सीटखाली थोडा खळगा आहे, गाडीवर आवळून बांधल्यामुळे. तो जाईल का?

चापोऱ्याचा_नाखवा:
बहुतेक जाईल. पट्टे काढून उन्हात उलटी ठेव, प्लास्टिक मऊ झालं की पुष्कळदा आपोआप वर येतं. नाही आलं तर खळग्यावर गरम पाणी ओत आणि आतून हाताने हळू ढकल, वर आला की लगेच गार पाणी. ब्लोटॉर्च घेऊन कोणी आला तर त्याला हाकल, भोक पडेल. आणि हे आत्ताच कर, एकदा आभाळ भरलं की ऊन कुठून आणणार.

बल्कहेडवाली:
फायबरवालीला हा प्रयोग करू नका हं. तिथे खळगा दिसला तर आतला थर तुटलेला असू शकतो, होड्या दुरुस्त करणाऱ्याला दाखवा.